दाहशामक वेदनाशामके न सोसणाऱ्या घोडीची वेदना कशी आटोक्यात ठेवावी

आपण दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडते. घोडी १९ वर्षांची, वजन सुमारे ४५० किलो. मागच्या दोन्ही पायांच्या हॉक सांध्यांना (पायाच्या मध्यावरचे, मागे कोन करणारे सांधे) संधिवात आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराचा वेदनादायक दाह, होऊन गेला आहे. फेनिलब्युटाझोन हे दाहशामक वेदनाशामक सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिची लीद पातळ झाली, खाणे घटले, पोटाखाली पाणी साचल्यासारखी सूज आली. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलेले आढळले आणि अल्ट्रासाऊंडमध्ये मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागाची भिंत जाड दिसली. औषध थांबवल्यावर पोट सावरते आहे, पण सकाळी ती तबेल्याबाहेर पाऊल टाकायला तयार होत नाही. म्हणून आपण विचारता की फेनिलब्युटाझोनऐवजी तिला काय द्यावे.

या प्रश्नाला एका औषधाच्या नावाने उत्तर देता येत नाही, आणि तसे नाव सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू नये असे मला वाटते. फेनिलब्युटाझोनची सोय अशी की वेदना खुरात असो, सांध्यात असो वा पाठीत असो, ते सगळीकडे थोडेफार काम करते, त्यामुळे वेदनेचा नेमका उगम शोधण्याची निकड राहत नाही. ते औषध हातातून गेले की ही सवलतही जाते. अशा घोड्यांच्या बाबतीत माझा अनुभव एकच सांगतो: वेदनेची जागा जितकी अचूक कळेल, तितके पोटातून द्यायचे औषध कमी लागते.

आधी कोणती दारे बंद झाली आहेत ते पाहू. फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, केटोप्रोफेन, मेलॉक्सिकॅम आणि फिरोकॉक्सिब ही सगळी एकाच कुळातली औषधे आहेत. ती शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या दाह निर्माण करणाऱ्या रसायनांची निर्मिती रोखतात, त्यामुळे दाह आणि वेदना कमी होते. पण जठराचे अस्तर, आतड्याचे अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखण्याचे कामही तीच प्रोस्टाग्लँडिने करत असतात. आपल्या घोडीला झालेला विकार याच कारणाने होतो. मेलॉक्सिकॅम आणि फिरोकॉक्सिब तुलनेने निवडक काम करतात हे खरे, आणि केवळ जठराच्या सौम्य तक्रारी असलेल्या घोड्यात मी फिरोकॉक्सिबचा विचार करते. मात्र आतड्याची भिंत जाड असताना आणि अल्ब्युमिन खाली असताना ‘सौम्य’ म्हणून त्याच कुळातले दुसरे औषध देणे मला मान्य नाही. डायक्लोफेनॅकचे मलम सांध्यावर लावले तर रक्तात फार थोडे उतरते, पण अजिबात उतरत नाही असे नाही. तेही आतडे पूर्ण भरून येईपर्यंत दूर ठेवावे.

एक गोष्ट तपासून घ्यावी. आपण दिलेला डोस नक्की किती होता आणि त्या काळात घोडी पुरेसे पाणी पीत होती का? फेनिलब्युटाझोनचा नेहमीचा डोस पहिल्या दिवशी किलोमागे ४.४ मिलिग्रॅम दोन वेळा आणि नंतर २.२ मिलिग्रॅम दोन वेळा, किंवा त्याहून कमी, असा उतरता असतो. वजनाचा अंदाज चुकणे, पहिल्या दिवसाचा डोस आठवडाभर चालू राहणे, किंवा एकाच वेळी फ्लुनिक्सिनचे इंजेक्शनही दिले जाणे, यांतून बरेच घोडे ‘औषध न सोसणारे’ ठरतात. काही घोड्यांना मात्र योग्य डोसातही हा विकार होतो. आपली घोडी दोहोंपैकी कोणत्या गटात मोडते हे पुढच्या निर्णयांसाठी नोंदवून ठेवण्यासारखे आहे, तरी आजचे उपचार त्याने बदलत नाहीत.

वनस्पतींच्या पुडींबद्दल आपण वेगळे विचारलेले नाही, पण या टप्प्यावर बहुतेक मालक तिकडेच वळतात, म्हणून स्पष्ट लिहिते. विलो झाडाच्या सालीत सॅलिसिन असते आणि शरीरात त्याचे रूपांतर ॲस्पिरिनच्या जवळच्या सॅलिसिलेटमध्ये होते. म्हणजे जे औषध सोसले नाही, त्याचाच भाऊबंद नैसर्गिक नावाने परत पोटात जातो. डेव्हिल्स क्लॉ या मुळाचाही वापर जठराचे व्रण असलेल्या आणि गाभण घोड्यांमध्ये टाळावा असे सांगितले जाते. आतड्याचा दाह झालेला एक घोडा माझ्याकडे दुसऱ्यांदा आला, तेव्हा मालकाने ‘सगळी औषधे बंद आहेत’ असे प्रामाणिकपणे सांगितले होते. खाद्यात मिसळायच्या सांध्यांच्या भुकटीतील घटकांची यादी वाचल्यावर विलोची साल सापडली. त्यात त्या माणसाचा दोष नव्हता, कारण पुडीवर ती सुरक्षित असल्याचेच लिहिले होते. म्हणून आपल्या घोडीच्या चंदीत जे काही मिसळले जाते, त्या प्रत्येक डब्यावरील घटक पशुवैद्याला दाखवा. हळद, ग्लुकोसामाइन आणि तत्सम पूरकांनी या अवस्थेतली वेदना मोजण्याइतकी कमी होते असे मला कधी दिसलेले नाही.

आता जिथे सर्वाधिक लक्ष द्यावे असे मला वाटते त्या खुरांकडे येते. आपण सकाळच्या लंगडण्याचे कारण हॉक सांधे धरले आहे. ते बरोबर असू शकते, पण पूर्वी लॅमिनायटिस झालेली १९ वर्षांची घोडी पाऊल टाकायला नाखूश असेल तर पुढचे खूर निर्दोष सिद्ध होईपर्यंत मी त्यांच्यावरच संशय ठेवते. खुरांना हात लावून उष्णता पाहा. घोट्याच्या मागच्या बाजूला बोट ठेवून नाडी जोरात उडते का ते पाहा. कठीण जमिनीवर वळताना ती जास्त अडखळते का याकडे लक्ष द्या. सांध्यांचा ताठरपणा चालता चालता सैल होतो, लॅमिनायटिसची वेदना मात्र सहसा तशी सैल होत नाही. पशुवैद्याकडून खुरांचे एक्स-रे काढून घ्या आणि रक्तातील इन्सुलिन व एसीटीएच (मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथीचे संप्रेरक) तपासून घ्या. या वयात पिट्यूटरी ग्रंथीचा विकार बऱ्याच घोड्यांत आढळतो आणि त्याच्याबरोबर इन्सुलिन वाढलेले असेल तर लॅमिनायटिस पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. तो विकार निघाला तर रोज परगोलाइड हे त्या विकारावरचे औषध देणे आणि आहारातील साखर-स्टार्च कमी करणे हाच तिच्यासाठी वेदनेवरचा सर्वांत खोलवर जाणारा उपचार ठरेल, जरी त्यातले काहीही वेदनाशामक म्हणून ओळखले जात नसले तरी.

लॅमिनायटिसचा नवा झटका असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत बर्फाइतके प्रभावी साधन माझ्याकडे दुसरे नाही. खूर आणि घोट्यापर्यंतचा पाय बर्फ व पाणी यांच्या मिश्रणात सतत बुडलेला राहिला पाहिजे. अर्धा तास शेकल्यासारखे बर्फ लावून काढून घेण्याने काही साधत नाही. खुराच्या भिंतीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली ४८ ते ७२ तास टिकवणे हा उद्देश असतो. पिशवीसारखे उंच बूट वापरून रात्रंदिवस बर्फ भरत राहावे लागते आणि त्यासाठी माणसे आळीपाळीने जागी ठेवावी लागतात. कष्टाचे काम आहे, पण पोटातून काहीही न देता वेदना उतरताना दिसते. त्याच्या जोडीला तळव्याखाली मऊ पण आधार देणारी गादी आणि पाय रुतेल इतका जाड बिछाना द्यावा. झटका ओसरल्यावर अनुभवी नालबंदाकडून खुराचे टोक मागे घेऊन घ्यावे, म्हणजे पाऊल उचलताना पडणारा ताण कमी होतो. एक्स-रे नालबंदाच्या हातात न देता त्याला काम करायला सांगणे म्हणजे त्याला अंधारात ठेवणे आहे.

खूर निर्दोष ठरले तर हॉककडे वळू. या सांध्याच्या खालच्या दोन कमी हालणाऱ्या कप्प्यांत संधिवात सर्वाधिक होतो. तिथे थेट इंजेक्शन देणे हा आतड्याला न दुखावणारा मार्ग आहे. ट्रायॲमसिनोलोनसारखी स्टेरॉइडे सांध्यात चांगले काम करतात, परंतु इन्सुलिन वाढलेल्या घोड्यात ती लॅमिनायटिसला आमंत्रण देऊ शकतात. म्हणून रक्ताचा अहवाल हातात येईपर्यंत तिला ते इंजेक्शन देऊ नये असा माझा आग्रह राहील. इन्सुलिन वाढलेले निघाले तर हायल्युरोनिक ॲसिड, पॉलिॲक्रिलामाइड हायड्रोजेल, किंवा तिच्याच रक्तातून तयार केलेला सीरम किंवा प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा हे पर्याय उरतात. हायड्रोजेलचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे आधी माहीत असले म्हणजे निराशा होत नाही. कूर्चा पूर्ण झिजली असेल तर त्या कप्प्यात अल्कोहोल सोडून सांधा कायमचा जुळवून टाकण्याचाही उपाय आहे. हे कप्पे तसेही फार हालत नसल्याने ते जुळल्यावर वेदना जाते आणि चालण्यात फारसा फरक पडत नाही. मात्र त्याआधी रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढावा लागतो, कारण तो कप्पा वरच्या मोठ्या सांध्याला जोडलेला असेल तर अल्कोहोलने न भरून येणारे नुकसान होईल.

टिल्युड्रोनेट आणि क्लोड्रोनेट ही हाडांच्या झिजेवरची औषधे आपल्याला कोणी सुचवील. ती मूत्रपिंडावर भार टाकतात आणि टोचल्यानंतर काही तासांत पोटशूळ उठू शकतो. आतड्याची दुखापत ताजी असताना मी ती देणार नाही.

एवढे करूनही पोटातून काही द्यावे लागेल हे मी मान्य करते. तिच्यासाठी माझी पहिली पसंती पॅरासिटामॉल आहे. ते आतड्याच्या अस्तराला दुखावण्याची शक्यता फार कमी असते. घोड्यासाठी किलोमागे २० ते ३० मिलिग्रॅम दर १२ तासांनी तोंडाने दिले जाते. म्हणजे आपल्या घोडीला किलोमागे २० मिलिग्रॅमने एका वेळी ९ ग्रॅम, ५०० मिलिग्रॅमच्या १८ गोळ्या. त्या कुटून थोड्या भिजवलेल्या खाद्यात मिसळता येतात. दाह कमी करण्याची त्याची ताकद थोडी आहे, त्यामुळे सुजलेल्या सांध्यात फेनिलब्युटाझोनइतका परिणाम दिसणार नाही. खुराच्या वेदनेत मात्र मला त्याने चांगली साथ दिली आहे. यकृताचे विकार असलेल्या घोड्यात ते टाळावे, आणि दोन-तीन आठवड्यांहून जास्त चालवायचे असेल तर यकृताच्या रक्ततपासण्या कराव्यात. सर्वांत महत्त्वाची खबरदारी दुकानातच घ्यायची आहे: माणसांसाठीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक मिसळलेले असते. वेष्टनावर फक्त पॅरासिटामॉल हा एकच घटक लिहिलेला आहे याची खात्री करा. आणि त्या गोळ्या तबेल्यातील मांजरांपासून दूर ठेवा, कारण मांजराला एक गोळीही मारू शकते.

गॅबापेंटिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध आहे आणि जुनाट लॅमिनायटिसमध्ये नसाही दुखावलेल्या असतात, त्यामुळे त्याचा वापर समर्थनीय आहे. अडचण अशी की घोड्याच्या आतड्यातून ते फार थोडे शोषले जाते. काही घोड्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीने त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे, काहींत नुसती सुस्ती आली. दोन आठवडे देऊन बघावे, फरक नोंदवावा आणि बंद करताना एकदम न थांबवता उतरत्या डोसाने थांबवावे. ट्रॅमाडॉल तोंडाने देण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही; तेही घोड्यात नीट शोषले जात नाही.

मॉर्फिन, ब्युटॉर्फेनॉल, ब्युप्रेनॉर्फिन ही अफूच्या कुळातली औषधे वेदनेच्या तीव्र झटक्यात अमूल्य आहेत, पण रोजच्या उपयोगाची नाहीत. घोड्यात ती आतड्याची हालचाल मंदावतात, लीद अडकण्याचा धोका निर्माण करतात आणि काही घोडे अस्वस्थ होऊन तबेल्यात गोल गोल फिरू लागतात. ज्या आतड्याला आत्ताच इजा झाली आहे, त्यात लीद कोरडी होऊन साचणे आपल्याला परवडणार नाही. लिग्नोकेन किंवा केटामाइन शिरेतून संथपणे चालू ठेवणे, आणि शेपटीच्या मुळाशी मणक्यातून मॉर्फिन देणे, हे रुग्णालयातले उपाय आहेत. मागच्या पायांच्या असह्य वेदनेत मणक्यातून दिलेल्या मॉर्फिनचा परिणाम बारा तासांहून जास्त टिकू शकतो आणि डोस लहान असल्याने शरीरावरचा भार कमी राहतो. कधी अशी वेळ आली तर हा पर्याय विचारून घ्या.

ॲक्युपंक्चर, लेझर, शॉकवेव्ह आणि मालिश यांबद्दल थोडक्यात सांगते. हॉक दुखणारी घोडी पाठीचे स्नायू आखडून चालते आणि ती दुय्यम वेदना विद्युत-ॲक्युपंक्चरने किंवा मालिशीने सैल होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मूळ सांध्यातली वेदना त्याने जाते असे मी म्हणणार नाही. शॉकवेव्हने काही दिवस जागा बधिर झाल्यासारखी राहते. त्या दिवसांत तिला जास्त चालवू नये, कारण वेदनेची राखण उठलेली असते.

आहाराच्या बाबतीत तिच्या दोन आजारांची मागणी एकमेकांच्या विरुद्ध जाते. इथे घाईने निर्णय घेऊ नये. दुखावलेल्या आतड्याला काही महिने लांब धाग्याच्या वैरणीचा भार कमी हवा असतो आणि पेलेट-स्वरूपातले खाद्य दिवसातून पाच-सहा लहान वाट्यांत हवे असते. लॅमिनायटिसला मात्र साखर आणि स्टार्च कमी हवे असते, आणि बाजारातील पुष्कळ पेलेटमध्ये धान्य भरलेले असते. म्हणून तिच्यासाठी धान्यविरहित, कमी साखरेचे तंतुमय पेलेट भिजवून द्यावेत. वाळलेले मऊ गवत थोडे द्यायचे असेल तर ते थंड पाण्यात सुमारे तासभर भिजवून ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे विरघळणारी साखर काही प्रमाणात निघून जाते. इसबगोल आतड्याच्या अस्तराला पोषक ठरते. सुक्राल्फेट (अस्तरावर लेप देणारे औषध) चालू असेल तर ते आणि इतर औषधे यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, कारण ते इतर औषधांना शोषू देत नाही. अस्तराचे रक्षण करणारे मिसोप्रोस्टॉल दिले असेल तर घरातील गर्भवती स्त्रीने त्या गोळ्यांना हातही लावू नये.

हालचालीबद्दल: लॅमिनायटिसचा ताजा झटका नसेल तर तिला तबेल्यात कोंडून ठेवू नका. संधिवाताला बंदिस्तपणा फार जाचतो. सपाट, मऊ जमिनीवर मोकळी जागा, आणि दिवसातून दोन-तीन वेळा हाताने धरून संथ फिरवणे, याने सकाळचा ताठरपणा बराच कमी होतो.

वेदना कमी होते आहे की नाही हे ठरवताना आपल्या मनाच्या इच्छेवर अवलंबून राहू नका. माणूस आशेपोटी बरेच काही पाहतो, मीही पाहिले आहे. दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जमिनीवर तिला चालवून व वळवून तिचे चित्रीकरण करा. ती एकटी उभी असताना दुरून तिचा चेहरा पाहा: कान ताठर होऊन मागे वळलेले, डोळे अर्धवट आवळलेले, डोळ्यांवरचा भाग ताणलेला, जबड्याचे स्नायू उठून आलेले, तोंड व हनुवटी घट्ट, नाकपुड्या ताणलेल्या, या सहा खुणांवर आधारलेली घोड्याच्या चेहऱ्याची वेदना-मोजपट्टी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आहे आणि ती शिकायला सोपी आहे. विश्रांतीत हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असावेत. आणि ती आडवी पडते का हे नक्की पाहा. सांधे दुखणारे घोडे पुन्हा उठता येणार नाही या भीतीने खाली बसतच नाहीत, गाढ झोप मिळत नाही आणि उभ्याउभ्या डुलकी लागून पुढच्या गुडघ्यांवर कोसळतात. पुढच्या गुडघ्यांच्या किंवा घोट्यांच्या समोरच्या बाजूला खरचटल्याच्या खुणा दिसल्या तर तिची रात्र कशी जाते आहे ते समजून घ्या. जाड बिछान्यावर ती पुन्हा आडवी पडू लागली, तर चालण्यातल्या कोणत्याही सुधारणेपेक्षा मी त्या बदलाला अधिक महत्त्व देते.

एक कठीण गोष्टही लिहिली पाहिजे. वर सांगितलेले सर्व प्रामाणिकपणे करूनही सहा ते आठ आठवड्यांत ती आडवी पडत नसेल, इतर घोड्यांकडे जात नसेल, खाताना वजन पुन्हा पुन्हा एका पायावरून दुसऱ्यावर टाकत असेल, तर तिला शांतपणे निरोप देण्याचा विचार पशुवैद्याबरोबर वेळेवर करावा. तो निर्णय एखाद्या रात्रीच्या आणीबाणीत घ्यावा लागू नये म्हणून आत्ताच त्याची सीमा ठरवून लिहून ठेवा.

शेवटी एक काम आजच करा. तबेल्याच्या दारावर आणि तिच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा की या घोडीला फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन आणि त्या कुळातले काहीही देऊ नये. कधी रात्री तिला पोटशूळ उठला आणि अनोळखी पशुवैद्य आला, तर त्याचा हात सवयीने फ्लुनिक्सिनकडेच जाईल. त्याऐवजी झायलाझिन (गुंगी आणणारे वेदनाशामक), गरजेनुसार ब्युटॉर्फेनॉल आणि ब्युटिलस्कोपोलामिन (आतड्याची आकडी सोडवणारे) वापरता येते. मात्र ब्युटिलस्कोपोलामिनच्या काही तयार इंजेक्शनांत मेटामिझोल हे वेदनाशामक मिसळलेले असते. तेही आपल्या घोडीला नको, म्हणून कुपीवर एकच घटक लिहिलेला असला पाहिजे, हेही त्याच फलकावर लिहून ठेवा.